उजळ केलेले अकरा चेहरे

अकरा चित्रं मी बिघडवली. कुणी सांगितलं म्हणून नाही, घाईगडबडीत नाही, चुकून भलतं बटण दाबलं गेलं म्हणूनही नाही. नीट बसून, चहाचा मग बाजूला ठेवून, एकेका चेहऱ्यावर अर्धा-अर्धा तास घालवून बिघडवली. आणि वर मला वाटत होतं की मी उपकार करतेय! आज हे लिहितानाही स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

मी आर्नहेममधल्या एका छापखान्यात काम करते. चित्रांची, फोटोंची जाडजूड पुस्तकं आम्ही छापतो. आलेले फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचे, त्यांचे रंग कागदावर नीट उतरतील असं बघायचं, हे माझं काम. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो त्याला सतरा वर्षं झाली. मुलगी इथलीच, पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि भांडण मात्र आम्ही दोघी इंग्लिशमध्ये करतो.

मागच्या वर्षी आमच्याकडे एका चित्रकार बाईंच्या पुस्तकाचं काम आलं. बाई आफ्रिकन-अमेरिकन, वय ऐंशीच्या पुढे, चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्यामागून हॉलंडला आलेल्या. नवरा गेला, बाई इथेच राहिल्या. नदीपलीकडच्या एका छोट्या कलादालनाला इतक्या वर्षांनी जाग आली आणि त्यांनी बाईंचं प्रदर्शन ठरवलं. एवढ्या आयुष्यातलं त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन, आणि त्याच्यासोबत पहिलंच पुस्तक. चित्रं अकरा. काही बाईंच्या घरची, बाकीची अमेरिकेतल्या कुणाकुणाच्या भिंतीवरून उतरवून आणलेली. प्रदर्शन संपलं की ती परत चार दिशांना जाणार. आणि बाईंची नजर जात चालली होती. समोर पाहिलं की मधोमध करडा ठिपका, कडेचं तेवढं दिसायचं. म्हणजे ही चित्रं एकत्र राहणार ती फक्त या पुस्तकात. हे सगळं मला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

मग त्या चित्रांचे फोटो आले. गडद खोल्या, आणि त्यात गडद माणसं. एक म्हातारा पायरीवर बसलाय, दोन बहिणी एकमेकींच्या वेण्या घालताहेत, एक बाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय. स्क्रीनवर उघडल्या उघडल्या माझ्या मनात काय आलं असेल? ‘फोटोग्राफरनं घाण केली.’ चेहरे दिसत नाहीत म्हणून मी ते उजळायला घेतले. आधी कपाळ, मग गाल, मग नाकाचा शेंडा. हाताला इतकी सवय होती की डोकं वापरायची गरजच पडली नाही. कलादालनाचा माणूस येऊन पाहून गेला. म्हणाला, "आता कसं सगळं दिसतंय!" छापखान्याचे साहेब मागे उभे राहून "मोई, मोई" करत होते. मोई म्हणजे सुंदर. मी खुशीत प्रूफं, म्हणजे छपाईआधीचे नमुने, बाईंना पाठवून दिली.

चौथ्या दिवशी बाई स्वतः छापखान्यात हजर. बसनं आल्या, चाकांचा वॉकर ढकलत, कोटाच्या खिशात हे एवढं मोठं भिंग. प्रूफं त्यांनी खिडकीपाशी टेबलावर मांडली आणि मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं एकेक बघत गेल्या. खुर्चीत झोपलेल्या बाईपाशी थांबल्या.

"ही कोण?"

"तुमची आई ना?" मी म्हणाले. चित्राच्या नावातच तसं होतं.

"माझ्या आईला मी ओळखते. ही कोण आहे ते सांग."

साहेबांनी स्क्रीन, कागद, शाई असलं काहीतरी पुराण सुरू केलं. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प बसवलं. "कुणी केलं हे?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून मला कडेच्या नजरेत घेतलं. माझा हात टेबलावर होता, त्यांच्या हाताच्या शेजारीच. रंगात म्हणाल तर फार फरक नव्हता. मी तो हात खाली ओढून घेतला. तो मी का ओढला हे आठवलं की अजून मान खाली जाते.

"तू?" त्या म्हणाल्या. "गोऱ्या माणसानं केलं असतं तर मी ओरडले असते. त्याची मला सवय आहे. तुझ्यावर काय ओरडू?"

आणि मग ओरडल्याच. कसल्या ओरडल्या! यंत्रापाशी काम करणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. त्या म्हणाल्या, सतरा वर्षांची होते तेव्हा मास्तर म्हणाला, चेहरे जरा उजळ कर, म्हणजे लोकांना कळतील. तिशीत गॅलरीवाला म्हणाला. इथे आले तेव्हा इथला गॅलरीवाला म्हणाला, आणि वर मला विचारतो, जाझ वाजवणारी माणसं का काढत नाही? साठ वर्षं प्रत्येकाला नाही म्हणत आले, आणि आता मला धड दिसत नाही तेव्हा तुम्ही माझ्या मागे हे उरकून टाकलंत! प्रूफांची चळत त्यांनी टेबलावर आपटली. साहेब लालेलाल. मी विस्कटलेली प्रूफं गोळा करायला लागले.

जाताना दारातून त्यांनी मला पत्ता दिला आणि म्हणाल्या, "शनिवारी ये. कॉम्प्युटर आणू नकोस."

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. आधी बाईंचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग साहेबांचा. आणि मग नदीवरचा पूल आला तेव्हा एकदम माझे वडील आठवले.

वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. लग्नाळू मुलींचे फोटो ही त्यांची खासियत. रोलचे दिवस होते. निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि अगदी बारीक ब्रशनं चेहऱ्यावर पातळ लाल रंगाचा हात द्यायचा. जिथे तो रंग बसेल तिथे छापलेला फोटो उजळ. आजूबाजूच्या चार गावांतून पोरी यायच्या, काळ्या यायच्या आणि गव्हाळ होऊन जायच्या. ते काम त्यांनी मला शिकवलं. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून ब्रश चालवायची. ‘हात हलका ठेव, बेटा. कपाळापासून सुरुवात.’ आधी कपाळ, मग गाल, मग नाकाचा शेंडा.

माझाही काढला ना फोटो! मी काळी. सावळी नाही, निमगोरी नाही, गव्हाळ तर नाहीच नाही, काळी. वडिलांनी माझ्या निगेटिव्हवर अख्खा एक दिवस घालवला, इतकं प्रेम. स्थळ आलं. मुलाच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हातातला फोटो बघितला आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "फोटोत जरा वेगळी वाटली होती." वडील खिडकीबाहेर बघत बसले. आणि पुढच्या स्थळासाठी त्यांनी नवा फोटो छापला, जरा कमी उजळ. म्हणजे माझ्या रंगाची घासाघीस! अशी तीन स्थळं झाली, तीन फोटो झाले. शेवटी नवरा मला पुण्यात नोकरीच्या ठिकाणी भेटला, फोटोबिटो न बघता, म्हणून सुटले.

या गोष्टीवर मी वडिलांशी कधीच बोलले नाही. रोज फोनवर बीपीची गोळी घेतली का विचारते, गुडघा कसा आहे विचारते. हे मात्र नाही.

शनिवारी बाईंकडे गेले. जुन्या शाळेतला एक वर्ग त्यांना खेमेन्तेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, कामाला दिला होता. उत्तरेकडे खिडक्या. बाईंनी दिवा लावला नाही. आईचं चित्र माझ्यासमोर ठेवलं, एक लाकडी स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "बस."

"काय बघू?"

"बस म्हटलं ना."

पहिली पाच मिनिटं मला काळं सोडून काही दिसलं नाही. मोबाईल काढायला हात शिवशिवत होता. दहाएक मिनिटांनी खुर्चीची पाठ दिसली. मग मांडीवर उपडे टाकलेले हात, बोटांची पेरं सुजलेली. आणि मग कुठून तरी गाल वर आला. आत तांबूस, त्यावर जांभळट, कडेला निळा. तोंड किंचित उघडं. दमून झोपलेल्या माणसाचं असतं तसं. मला हुंदकाच फुटला, आणि तो रडण्यापेक्षा संतापाचा जास्त होता. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी ते पुसून तिथे एक तपकिरी बाहुली बसवली होती!

बाई सांगायला लागल्या. काळ्या रंगाची ट्यूब त्यांनी आयुष्यात विकत घेतली नाही. निळा, विटकरी, किरमिजी असे पातळ थर एकावर एक चढवायचे, तीस-तीस, चाळीस-चाळीस. आई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिचा एकच फोटो होता, सगळ्या कामगार बायकांचा. त्या काळची फिल्म गोऱ्या कातडीच्या हिशेबानं बनवलेली. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या बायका झकास आल्या होत्या, मागच्या रांगेत आई म्हणजे दात आणि डोळे. "तिचा चेहरा जगात कुठेच नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हणून मी चित्रकार झाले."

मग त्यांच्या शहरातल्या इतरांबद्दल बोलल्या. सहा-सात काळे चित्रकार, कुणालाच मोठी दारं उघडी नव्हती. चर्चच्या तळघरात, केस कापायच्या दुकानात चित्रं लावायचे. एक जण आयुष्यभर सिटी बस चालवत होता. बाईंच्या मते त्यांच्यात सगळ्यात चांगला तोच. तो गेल्यावर घरमालकानं त्याची खोली रिकामी केली आणि चित्रं फुटपाथवर काढून ठेवली, कचऱ्याच्या गाडीसाठी. बाईंना कळेपर्यंत गाडी येऊन गेली होती. "त्याच्यावर पुस्तक नाही," बाई म्हणाल्या. "आता मी कुणाला सांगितलं की असा एक माणूस होता, तर ते म्हणतात, दाखव. काय दाखवू? माझं पुस्तक चुकीचं निघालं तर मीही तशीच गेले."

मी त्यांना वडिलांच्या ब्रशाबद्दल सांगितलं. हेही सांगितलं की आमच्या भाषेत कुणाला हाकलायचं तर ‘तोंड काळं कर’ म्हणतात. बाईंनी ऐकून घेतलं. "इथे डिसेंबरातल्या सणाला तोंडाला काळं फासून गाणी म्हणणारे गोरे मी बघितलेत," त्या म्हणाल्या, "पण तू तुझं बघ. माझी आई मला परत करून दे."

पुढचे तीन आठवडे मी राबले. ऑफिसनंतर रोज बाईंकडे जायचे, चित्रासमोर बसायचे, मगच फाइल उघडायचे. सोपं नव्हतं. कागद शाई पितो, गडद रंग एकमेकांत बसतात आणि सगळ्याचा चिखल होतो. साहेबांचा शाई-कागदाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. बाईंनी मला एक हातभर फळी रंगवून दिली होती, आईच्या गालाचेच थर चढवून, जुळवून बघायला. ती मी पिशवीत घालून हिंडायचे.

आणि मग मीटिंग. साहेब म्हणाले, आतली चित्रं नवी घेऊ, पण मुखपृष्ठावर आईचं चित्र आधी केलेलं, उजळच ठेवायचं. का? तर दुकानात लांबून दिसायला हवं! कलादालनाचा माणूस गोड हसून म्हणाला, "लोकांना वाटेल छपाई खराब आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मी मीटिंगमध्ये तोंडातून अक्षर काढत नाही. परवाना, व्हिसा, नोकरी, या सगळ्याची भीती अंगात मुरलेली असते, पासपोर्ट बदलला तरी जात नाही. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, "तुमच्या जुन्या डच चित्रकारांची पुस्तकं आपण इथेच छापतो. त्यांची अर्धी माणसं अंधारात बुडालेली असतात. त्यांना कधी उजळ केलंत? तिथे अंधार असला की प्रतिभा, आणि या बाईंनी काढला की छपाई खराब?"

साहेब पेनाचं टोपण काढत-घालत बसले. शेवटी म्हणाले, "छपाईच्या दिवशी बाईंना बोलवू. त्या हो म्हणतील ते छापू." त्यांना वाटलं असणार, म्हातारीला तसंही दिसत नाही. माझी खात्री आहे, हेच वाटलं होतं.

छपाईच्या दिवशी बाई आल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. यंत्रातून मुखपृष्ठाचं पहिलं शीट निघालं, माझ्या नव्या फाइलवरचं, तिरक्या टेबलावर दिव्याखाली ठेवलं. यंत्रवाला म्हणाला, चांगलंय. साहेब म्हणाले, चांगलंय. बाईंनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. दिवा फार कडक होता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि माझ्याकडे वळल्या.

"मला या उजेडात कळत नाही. तू सांग."

ज्या बाईनं त्यांची आई पुसली होती, तिलाच विचारत होत्या. मी पिशवीतून फळी काढून शीटशेजारी धरली. गडद होतं, पण मेलेलं. आतला तांबूस गेला होता.

"नाही," मी म्हणाले. "थांबवा."

साहेब घड्याळ बघायला लागले. यंत्रवाल्यानं लाल शाई वाढवली. दुसरं शीट. जास्त झालं, गाल भाजल्यासारखा दिसत होता. "नाही. थांबवा." साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले की हे शेवटचं, याच्यानंतर जे निघेल ते निघेल. मी म्हटलं, बरोबर निघेल तोपर्यंत थांबवत राहीन, आणि मी इथून हलणार नाही. तिसरं शीट आलं. फळी शेजारी धरली आणि फळी कुठे संपते ते क्षणभर मला कळेना. ते शीट मी उचललं, कडक दिव्यापासून लांब, दाराजवळच्या साध्या उजेडात नेलं आणि बाईंसमोर धरून उभी राहिले. हात भरून येईपर्यंत धरलं.

बाई डोळ्यांच्या कडेनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. आता झोपलीय. मघाशी नुसते डोळे मिटले होते."

प्रदर्शनाला मी मुलीला घेऊन गेले. रविवारची दुपार होती. मुलगी माझ्याच रंगाची. इथले गोरे उन्हाळ्यात लॉनवर पडून काळे व्हायला धडपडतात आणि आमच्या मराठी मंडळातल्या बायका गणपतीत तिला सांगतात, उन्हात खेळू नकोस गं. ती बाईंच्या आईच्या चित्रासमोर बसून राहिली, कितीतरी वेळ. बाईंनी तिला जवळ बोलावलं आणि आम्हा तिघींचा त्या चित्रासमोर कुणाकडून तरी फोटो काढवला. बाई मध्ये, मांडीवर पुस्तक.

इतका चांगला फोटो होता की मी तो ट्राममध्ये, नाही, ट्रॉलीबसमध्ये चढता चढताच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचं पुस्तक.’ वडील आता ब्याऐंशीचे. स्टुडिओ केव्हाच बंद झाला, पण मोबाईलवर सगळं शिकलेत. दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. तोच फोटो. तिघी लख्ख गव्हाळ. बाईंच्या गालावर गुलाबी झाक. मागे भिंतीवर खुर्चीत झोपलेली आई, तीही उजळलेली. खाली लिहिलं होतं, ‘थोडा हात फिरवला. आता सगळ्या छान दिसताय. आजीबाईसुद्धा.’ आणि दोन फुलं.

मी ते बघत बसले. साहेबांसमोर तीनदा यंत्र थांबवलं होतं मी, आणि या म्हाताऱ्याला दोन शब्द लिहायला माझी बोटं उठेनात. बीपीची गोळी, गुडघा, सगळं आठवलं. शेजारून मुलगी वाकून बघत होती. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. रोमन अक्षरांत, चुकत-माकत, पण मराठीत लिहिलं. तिनं आपणहून लिहिलेलं मराठी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

‘आजोबा, माझा कलर परत द्या.’

पाठवून दिलं. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं, त्यांनीही. वडील लिहिताहेत असं दिसलं, मग थांबले, परत लिहायला लागले, परत थांबले. आमचा स्टॉप आला. मी उतरले नाही. मुलीच्या हातातून फोन घेतला आणि वडिलांना लावला. रिंग वाजत राहिली, त्यांनी उचलला नाही. मी पुन्हा लावला.